नावामागचा एफ

अकराशे पन्नास लारी.
सातशे रेझोचे, उन्हाळाभर हेझलनट वेचून मिळवलेले,
नखं अजून काळी आहेत.
साडेचारशे माझे, दाढेसाठी बाजूला टाकलेले.
दाढेचं काय, डाव्या बाजूनं चावता येतं.

पिठाच्या पोत्याचा कागद फाडून
त्यावर तो यादी करतो, खोडतो, पुन्हा करतो.
काचेची पेटी खोडली. रंगीत दिवे खोडले.
दिव्यांनी खेळ काही वेगानं चालत नाही, म्हणाला,
पण खोडताना पेन्सिल जरा रेंगाळली.
पेटी फुकटच मिळाली, रिओनीच्या पुलापाशी
बंद पडलेल्या इंटरनेट कॅफेतली.
तिच्या कडेला कुणीतरी खिळ्यानं कोरलंय: नातिया.
घासून जाईना.
असू दे, म्हणाला.

प्रोसेसरवर दोन रात्री गेल्या.
आठ कोअरचा घ्यावा तर कार्डाला पैसे उरत नाहीत,
कार्ड तगडं घ्यावं तर प्रोसेसर धापा टाकणार.
एक बैल अंगानं भरलेला, दुसऱ्याची हाडं निघालेली,
अशी जोडी नांगराला जुंपत नाहीत
एवढं मलाही कळतं, माझ्या बापाकडे बैल होते.
शेवटी चार कोअरचा ठरला. नावामागे एफ.
"एफ म्हणजे?"
"म्हणजे याला स्वतःचे डोळे नाहीत, आई.
चित्र काढायचं ते कार्डानं. म्हणून चाळीस लारी स्वस्त."
आंधळा म्हणून स्वस्त.
मी काही बोलले नाही.

वीज देणाऱ्या खोक्यावरून मात्र भांडलो.
सत्तर लारीचंही होतं, दिसायला तसंच काळं, तसंच जड.
तो एकशे सत्तरच्यावर अडून बसला:
"इथं वाचवलं की सगळंच जळतं."
मालकानं एकदा स्वस्त पीठ आणलं होतं, ते आठवलं.
सकाळभर शोती भट्टीच्या भिंतीवरून सुटून
निखाऱ्यांत पडत होत्या, आणि दाराशी रांग.
मी एकशे सत्तर मोजले.

कार्ड स्वानेतीहून आलं.
मुरमान, माझ्या मावशीचा नातू, त्याच्या गोठ्यात
अशी बारा कार्डं दोन वर्षं रात्रंदिवस नाणी खणत होती.
गाई मधल्या भिंतीला टेकून उबेला झोपायच्या, सांगतो.
मग नाण्यांचा भाव पडला,
मग बर्फात विजेचे खांब पडले.
मार्श्रुत्काच्या ड्रायव्हरनं सीटखालून काढून दिलं ते,
लोकरीच्या लांब मोज्यात घातलेलं.
तीनशे लारी, आणि परतीच्या गाडीनं दहा शोती.
एक पंखा कुरकुरतो. वास येतो.
रेझोनं दाढीच्या ब्रशनं धूळ काढली,
पात्यात अडकलेला एक तांबूस केस ओढून
बराच वेळ उजेडात धरला.

रविवारी जोडलं. बटण दाबलं.
पंखे फिरले, पडदा काळा.
औषधाच्या दुकानातून मागून आणलेला मॉनिटर
"सिग्नल नाही" एवढं म्हणून झोपी गेला.
रेझोनं पुन्हा उघडलं. रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढल्या,
पुसल्या, बसवल्या. कान लाल.
ओठ हलत होते, आकडा मोजल्यासारखे.
मी मागे ताटली पुसत उभी. तीच ताटली.

"केबल कुठं खोचलीस?"
"आई, थांब ना."
"वर खोचलीयस. तशीच जागा खाली कार्डालाही आहे."
"आई—"
"वरचा तर आंधळा ना? तूच म्हणालास."

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.
केबल काढली, खाली लावली.
पांढरी अक्षरं उमटली,
तारीख भलतीच, पण उमटली.

खेळ नव्वद जीबीचा, आणि आमची लाईन ही अशी.
पहाटे साडेतीनला भट्टीकडे निघाले तेव्हा
एकसष्ट टक्के.
तो खुर्चीतच पेंगलेला, तोंड उघडं.
पंखा कुरकुरत होता.
मी कोट घातला, आणि दोन्ही हात क्षणभर
पेटीच्या कडेवर शेकले,
नातियाच्या नावावर.