तीन प्रती

काळी शाई, मोठी अक्षरं, आणि तीन प्रती.
मोठी अक्षरं आमच्या लिपीत नसतातच,
हे कोणाला सांगणार?
हॅन्लीच्या फॅमिली कोर्टात खिडकीमागे ग्लेनिस नावाची बाई,
चष्म्याला मण्यांची दोरी,
आणि तिला अकरा वाजता चहाला जायचंय.

अर्ज काल रात्री भरला, ओट्याशी उभ्यानेच.
'मूल आपल्याजवळ किती काळापासून राहत आहे?'
कायद्याला दहा आठवडे पुरतात.
मी लिहिलं, एकसष्ट.
लिहिलं नाही ते:
पडलेले दोन दात, बुटांचे तीन आकार,
आणि तो शनिवार, ती न्हाणीघराची कडी आतून लावून बसली तो,
बाहेर फरशीवर बसून मी संत्रं सोलत होते,
एकेक फोड दाराखालच्या फटीतून सरकवत.

आमच्याकडे म्हणतात, मूल ओटीत घातलं.
इथे कोणी घातलं नाही.
कौन्सिलची बाई गाडीतून उतरली,
तिच्या हातात कचऱ्याची काळी पिशवी, पिशवीत कपडे,
मागे टॅन्सी, लोकरी टोपी डोळ्यांपर्यंत ओढलेली.
मी नुकतीच कामावरून आलेले.
माझी ओटी म्हणजे कारखान्याचा ॲप्रन,
वाळल्या मातीने कडक झालेला.

मी कपांना कान लावते. एकवीस वर्षं, लाँगटनला.
कप एका साच्यातला, कान दुसऱ्या.
दोन्ही सारखेच ओले असावे लागतात,
मग बोटभर पातळ माती, आणि अंगठ्याचा दाब.
एक जरी आधी सुकला, तरी भट्टीत चीर जाते.
पण नीट भाजून निघालेल्या कपाला कोणी विचारत नाही
हा कान मूळचा कुणाचा.
हे मी सोशल वर्करला बोलून गेले, तर तिने लिहून घेतलं.
नको होतं लिहायला.
दर सोमवारी कानतुटक्या कपांची एक टोपली भरतेच,
ती मी सांगितली नव्हती.

जन्मदात्रीचं नाव.
माझ्या हाताने, तीनदा.
कॅरिस. कॅरिस. कॅरिस.
तिसऱ्या प्रतीत हात सहज वळला,
ओळखीच्या नावावर वळतो तसा.
संमती: नाही.

त्याखाली, आपली ओळख गुप्त ठेवायची आहे का?
हो म्हटलं की आपल्याला क्रमांक मिळतो.
तिला नोटीस जाईल, तिच्यात मी नसेन.
एक आकडा तिच्या मुलीच्या केसांतला गुंता सोडवतो,
एक आकडा तिला दहीभात कालवून देतो आणि ती तो खात नाही,
हेही त्यात नसेल.
कुठल्या खोलीत वाचेल, कोण असेल शेजारी.
मी खूण केली. पेन ठेवलं. भांडी घासली.
खूण खोडली नाही.

'मुलाचं नवं संपूर्ण नाव.'
आमच्याकडे मधली जागा बापाची.
बाप या कागदांत कुठेच नाही, या घरातही नाही.
टॅन्सी म्हणाली, मेरियल राहू दे.
मेरियल तिची पणजी, एका फोटोत
बदकांना पाव टाकणारी.
टॅन्सी मेरियल आरोसकर.
मोठ्या अक्षरांत ते चौकोनात मावेना,
शेवटचा 'आर' समासात गेला.

ग्लेनिसने जन्मदाखला उजेडात धरला.
'झेरॉक्स नाही ना ही, डक?'
(या गावात सगळ्यांनाच बदक म्हणतात.)
शिक्के मारले. तिसरा फिका उमटला.
'चालेल हा,' म्हणाली.
मी म्हटलं, पुन्हा मारा.

शाळेच्या फाटकाशी टॅन्सीने विचारलं,
'ते हो म्हणाले?'
'त्यांनी ठेवून घेतलंय.'
'कोणाला?'
'कागद गं. कागद ठेवून घेतलेत.'
बराच वेळ ती चालत राहिली,
रोज बाहेर पडताच माझ्याकडे फेकते ते दप्तर
आज स्वतःच्याच पाठीवर घेऊन.
कालव्याच्या पुलापाशी दिलं.