खोल बाजू

सरकारने आम्हांला हॉटेल दिलं, कोलव्याचं,
तीन तारे, पर्यटक शून्य.
दाराच्या मुठीला अजून लटकलेली पाटी:
कृपया त्रास देऊ नका.
ब्लांदिना ती गळ्यात घालून म्हणते,
आज वॉर्डात अशीच जाते.

रात्रपाळी संपून बस आम्हांला फाटकाशी उतरवते
तेव्हा आठ वाजून गेलेले असतात.
लगेच खोलीत जायचं नाही.
खोलीतला एसी व्हेंटिलेटरसारखा श्वास घेतो
आणि मी झोपेतच उठून
पलंगाच्या पायथ्याशी चार्ट शोधते.

म्हणून आधी तलाव.
पाणी काढून टाकलेला, निळ्या फरश्यांचा,
तळाशी बदामाची पानं, एक खेकडा,
कुणा रशियन पोराचा पोहायचा चष्मा.
शिडीने उतरायचं, उताराने चालत जायचं,
भिंतीवर जिथे आठ फूट लिहिलंय
तिथे पाठ टेकायची.
पाणी असतं तर डोक्यावरून गेलं असतं,
पहिल्या दिवशी मी म्हणाले.
गेलेलंच आहे, कुंदा वेळीप म्हणाली.
आणि आम्ही इतक्या हसलो की
रखवालदार वरून डोकावून गेला.

मोबाईलच्या पडद्यावरच्या समुपदेशक बाई
दर बुधवारी सांगतात, श्वासावर लक्ष द्या.
बाई, बारा तास आम्ही दुसरं काय करतो?

तलावात कामाचं बोलायचं नाही,
हा ब्लांदिनाचा नियम.
बांगड्याचा भाव बोलायचा.
सात नंबरचा म्हातारा मास्कआडून
पेजेबरोबर मिठातली तोरं मागतो,
हे कामाचं की जेवणाचं?
जुलेखा निकाल देते: जेवणाचं.
तो पहाटे चारला गेला, हे कामाचं.
ते कुणी बोलत नाही.

मग मानकुराद.
बाबांनी वाळपईहून गवतात घालून पाठवलेले,
प्रत्येकीला एक.
सोलायच्या आधी देठाशी नाक न्यायचं,
डोळे मिटून सांगायचं: येतो.
येतो. येतो. येतो.
चौघी, रोज.
हजेरीपटावर नसलेली ही आमची हजेरी.

अकराव्या दिवशी ब्लांदिनाने आंबा
जरा जास्तच वेळ नाकाशी धरला.
येतो, म्हणाली.
सोलला मात्र नाही.
उठली, वाऱ्याच्या खालच्या अंगाला
लांब जाऊन बसली, मास्क वर ओढला
आणि विचारलं, बांगडे कसे दिले आज?
आम्ही तिघींनी भाव सांगितला.
तिघींनी वेगवेगळा.

आता ती एकशे बारात, मी एकशे चौदात.
तेरा आकडा हॉटेलवाले मानत नाहीत,
त्यामुळे मधे एकच भिंत.
ड्यूटीला निघताना मी दोनदा ठोकते.
ती बोटाला यंत्र लावते
आणि भिंतीवर आकडा कळवते:
नऊ ठोके, उसंत, मग चार.
चौऱ्याण्णव.
काल नऊ, उसंत, तीन.
मी कुठे लिहून ठेवत नाही.
वॉर्डात पंधरा जणांचे आकडे लिहिते,
हा एक पाठ असू दे.

आज तिच्या दाराशी आंबा ठेवायला गेले
तर परवाचा तसाच होता,
देठाकडून काळा पडत चाललेला.
त्याच्या शेजारी ठेवला.

तलावात तिघीच उतरलो.
येतो, जुलेखा म्हणाली. येतो, मी म्हणाले.
कुंदा काही बोलली नाही.
आंबा फरशीवर ठेवून ती उठली,
आठ फुटांच्या खुणेकडे तोंड केलं
आणि ओरडली.
शब्द नव्हता त्यात कुठलाच.
तिच्या गावी रात्री रानडुकरं हाकलताना
माणसं ओरडतात, तसं काहीतरी.
खेकडा पानांखाली शिरला.
रखवालदार आला नाही.

मग वरून, पहिल्या मजल्यावरून,
खिडकीच्या काचेवर ठोके.
आम्ही तिघी मान वर करून मोजत राहिलो.
नऊ.

मग उसंत.