अ.पा.क. आई

टायपिंगवाल्यानं आधी 'सौ.' टाइप केलं.
मी म्हटलं, भाऊ, ते खोडा.
त्यानं पांढरं लावलं, फुंकर मारली,
वर 'श्रीमती' बसवलं, थोडं तिरपं.
खाली ओळ आली:
अज्ञान सुबोध हरिदास भोयर, वय पंधरा,
तर्फे अ.पा.क. आई.
मी विचारलं, अज्ञान कायले?
पोरगं आठवीपासून मोबाइल दुरुस्त करते,
बापाच्या दुकानातली उधारीची वही तोंडपाठ हाय त्याले.
वकील हसले. अठराच्या आत सगळे अज्ञानच, बाई.
आणि तुम्ही पालनकर्ती.

चार वर्षांपूर्वी ह्याच आर्वीत, ह्याच लिंबाखाली
मी एका कागदावर सही केली होती:
मुलगा बापाकडे. पोटगी नको. काहीच नको.
तेव्हा 'नको' म्हणताना हलकं वाटलं होतं.
शिलाई मशीन तेवढी मागितली,
ती माझ्या माहेरची होती.

मग तान्ह्या पोळ्याला,
गल्लीत लहान पोरं लाकडी बैल ओढत होती
आणि हा यष्टीतून उतरला.
एक दप्तर, गुंडाळलेली गादी, तार तुटलेली रॅकेट.
"तिथं आता जागा नाही," एवढंच म्हणाला.
जागा म्हणजे खोली की दुसरं काही,
मी विचारलं नाही. भाकरी टाकल्या.
त्यानं सहा खाल्ल्या.
सातवी सरकवली तर म्हणाला, "तू जेवली काय?"

पुरावा काय, वकिलांनी विचारलं,
तो तुमच्याकडेच राहतो ह्याचा?
रेशन कार्डावर नाव तिकडं, आधारवर पत्ता तिकडचा,
टी.सी. अजून तिकडच्या मास्तरांच्या कपाटात.
माझ्याकडे काय होतं?
दाराच्या चौकटीवर दोनदा आपटलेलं कपाळ.
ओट्यावर नऊ नंबरच्या चपला.
आरशाला चिकटलेले मिशीचे चार केस,
माझ्या शिलाईच्या कात्रीनं कापलेले.
हे कोणत्या रकान्यात लिहायचं?
ग्रामपंचायतीचा दाखला आणा, वकील म्हणाले.

आणि तुम्ही पोटगी सोडली होती ना तेव्हा?
सोडली होती.
तुमची सोडली. त्याची सोडायचा
तुम्हाला अधिकारच नव्हता.
हे वाक्य मी घरी पोचेपर्यंत चघळलं,
कच्च्या चिंचेसारखं.

सुबोध दोन दिवस बोलला नाही.
तिसऱ्या दिवशी पाण्याची गुंडी ठेवता ठेवता म्हणाला,
"बाबाले पैसे मांगू नको.
मी सुट्टीत संत्र्याच्या पेट्या भरतो."
मी म्हटलं, मी नाही मांगत.
तू मांगून रायला. मी फक्त तर्फे.

तारखेला हरिदास वर आलेच नाहीत.
त्यांच्या वकिलानं पुढची तारीख घेतली.
पण रस्त्यापलीकडे, रसवंतीजवळ,
ओळखीची मोटरसायकल उभी होती.
सुबोध गेला. मी वळून पाहिलं नाही.
पाहिलं, पण वकिलाच्या छत्रीआडून.
परत आला तो हातात बुटांचा खोका घेऊन.
"किंमत विचारून ठेवा," वकील म्हणाले,
"उद्या पोटगीत धरतील ते."
खोक्यावर आकडा होता सात.
तिथलं दार सोडलं तेव्हा
असतील तेवढी पावलं.

सुबोधनं पायरीवर बसून ते घातले,
बोटं दुमडून, नाडी सैल सोडून,
आणि स्टँडपर्यंत ताठ चालत गेला,
मोटरसायकल मागे उभी होती तोवर.

यष्टी वळली तसे काढले.
टाचा लाल झाल्या होत्या.
मी ते पिशवीत ठेवले, अर्जाच्या नकलेवर.
पुरावा होता, सरपंचाच्या दाखल्यापेक्षा पक्का.
वकिलांना दिला नाही अजून.

पुढची तारीख सतरा जुलै.
तोवर दहा नंबर लागेल, बहुतेक.