सात लिव्हरचं कुलूप

मल्हारगंजात माझं कुलपांचं दुकान आहे,
वडिलांपासून. पाटीवरचा 'ल' उडालाय,
गिऱ्हाइकांचं काही अडत नाही.

मागे दोन गल्ल्यांमधे एक फाटक.
फाटक कसलं, एका बिजागरीवर लटकलेली जाळी.
विपटकाकांचा नातू त्यातून शाळेत जायचा,
तिकडच्या बायका इकडे चक्कीवर यायच्या,
नर्मदेचं पाणी ज्या दिवशी येत नसे
त्या दिवशी बादल्यासुद्धा.
थंडीत जाळीला टेकून गराडूची गाडी लागे,
आणि जिरावण कुणाला जास्त पडलं
यापलीकडचं भांडण मला आठवत नाही.

मार्गशीर्षात विपटकाका आले.
"चांगलं दाखव. सात लिव्हरचं."
कशाला, काका?
"ते लोक फाटक बंद करणारेत. कायमचं.
त्यापेक्षा आपण आधी केलेलं बरं."
तसं म्हणाले का ते?
"म्हणतील कशाला? मनातलं दिसतं की!"
कुठे दिसतं, मी विचारलं नाही.
साडेचारशे झाले. त्यांनी चारशे दिले.

दुपारी चारला हातिमभाई.
चष्मा पुसला, परत लावला, परत पुसला.
"दिगूभाई, आम्हाला आवडतंय का हे?
पण त्यांना आमचं तोंडच नकोय.
आज ना उद्या तेच लावणार कुलूप,
मग बायकापोरांनी जायचं कुठून?"
मी त्याच खोक्यातलं दुसरं काढलं.
त्यांनी पूर्ण साडेचारशे दिले,
वर म्हणाले, महाग आहे भिया.

आता जाळीला दोन कुलपं आहेत.
इकडचे तिकडचं दाखवतात,
तिकडचे इकडचं:
बघा, म्हटलं नव्हतं?
गराडूवाला सराफ्यात गेला.
नातू मोठ्या रस्त्याने जातो, उशिरा पोचतो.
रात्री दुकान बंद करताना दिसतं,
कुणीतरी हळूच येऊन कुलूप ओढून बघतं.
आपलं नाही. त्यांचं.
चुकून उघडं राहिलंय का म्हणून.
कधी या बाजूचं कुणी, कधी त्या.

कुमुद म्हणाली, तू सांगितलं का नाहीस?
एका बाकावर बसवायचं दोघांना,
चहा मागवायचा.
म्हटलं, ऐकलं नसतं त्यांनी.
"विचारलं होतंस?"
मी आमटी ढवळत बसलो.

एका कुलपाला तीन किल्ल्या येतात.
विपटकाका दोन घेऊन गेले,
तिसरी पुढे सरकवत म्हणाले,
तुझ्याकडे असू दे, आमच्या घरात हरवेल.
हातिमभाईही हेच म्हणाले.

दोन्ही गल्ल्यात पडल्यात, चिल्लरीत.
सुटे द्यायला हात घातला
की कुठली कुणाची, कळत नाही.
खाचा सोडल्या तर सारख्याच दिसतात.