दार क्रमांक ३१२८

शाळेनं टाकून दिलेला संगणक
सातशे सोमला उचलून आणला.
पाठीचं झाकण एर्मेकने कुठेतरी हरवलं,
तेव्हा तो उघडाच बसतो, लाकडी संदुकीवर,
रजयांच्या चळतीशेजारी,
आणि त्याचा पंखा घरघरतो
म्हाताऱ्या बोक्यासारखा.

बाहेर उणे सत्तावीस. नारीन नदी काठाकाठाने गोठलेली.
महिन्याला वीस जीबी, आम्ही माणसं पाच,
आणि पाचही जण रोज सकाळी
डोलोन घाटाचं तेच एक हवामान
पाच वेळा मागवतो.
काखेत कळसा आणि गावाला वळसा,
तोही मोजून पैसे देऊन.

मी तेवीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात बसले.
ह्या गावची दोरी त्या गावाच्या खाचेत.
म्हणून साद्याक मास्तरांनी वहीत उतरवून दिलेलं
मला समजायला वेळ लागला नाही:
तुम्ही मागायचं माझ्याकडे,
मी मागायचं जगाकडे,
आणि एकदा आणलेलं जपून ठेवायचं
पुढच्या माणसासाठी.
नातू म्हणाला, "म्हणजे प्रॉक्सी! वर्गात दुसऱ्याच्या नावाला
हजर म्हणतात, तसं."
तसंच रे. फक्त आणलेलं ज्याचं त्याला द्यायचं.

आधी यंत्राने स्वतःलाच हाक मारून पाहिली,
एकशे सत्तावीस, शून्य, शून्य, एक,
आणि स्वतःच ओ दिली.
बाकी सगळ्यांना मात्र नकार.
चहावर साय धरली, तरी नकार.
मी 'घरचे येऊ देत' लिहिलं होतं,
पण 'कोणीही नको'च्या खाली.
हे वरून वाचत येतं,
पहिला नकार भेटला की तिथेच थांबतं.
(माझी सासू अशीच होती.)
ओळ उचलून वर ठेवली.
घाटाचं हवामान पहिल्यांदा अकरा सेकंदांत आलं,
दुसऱ्यांदा, कपात चमचा फिरायच्या आत.

नोंदवहीचं मला कोणी सांगितलं नव्हतं.
कोण, किती वाजता, कुठे गेलं,
सगळं ओळीने.
कुलूपबंद पानांच्या आतलं दिसत नाही,
प्रतही ठेवता येत नाही,
दारावरची पाटी तेवढी वाचता येते.
एक चाळीस: सुनेचा फोन. येकातेरिनबुर्ग, नर्सच्या नोकऱ्या.
एक बावन्न: तेच.
दोन दहा: बिश्केकहून सुटणारी विमानं.
काल. परवाही. तेरवाही.

भिंतीपलीकडे ऐझात झोपली आहे,
किंवा नाही.
माझा मुलगा घोरतो आहे, हे नक्की.

एक्स्चेंजात पहिल्या दिवशी तुर्दुकान म्हणाली होती,
ऐकू येणारच. घरी नेऊ नकोस.
नाही नेलं. कोणाचं लग्न मोडलं,
कोण दूरच्या बराकीतून आईशी नुसतंच गप्प राहिलं,
सगळं तिथेच खुंटीवर टांगून
बर्फातून चालत घरी आले.
पण तेव्हा कानांना झाकणं नव्हती.
इथे मी डोळे उघडे ठेवून वाचत होते,
ओळीखाली बोट धरून.

फाईल उघडली. लिहिलं: नोंद नको.
आधीचं सगळं पुसलं. यंत्र बंद केलं, चालू केलं.
पंखा खोकला,
मग लागला.

सकाळी ऐझातने बोर्सोक तळले.
दूध ओतता ओतता म्हणाली,
"नेट जरा सुधारलंय, एने."
"हं," मी म्हटलं.
मग, टेबलावर नसलेलं पीठ पुसत,
"रात्री कोणी यंत्र बंद करायचं नाही,
असं मी सगळ्यांना सांगून ठेवलंय."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही.
माझ्या कपात साखर मात्र
दोनदा घातली.