सक्करदऱ्याच्या पुढे

चाचणी मीच लावली होती.
नळीमागे धरलेल्या कागदावरच्या काळ्या रेघा
दिसल्या तर सुटलो,
नाही दिसल्या तर सिकल.
दिवसाला चाळीसदा करते मी हे
मेडिकलच्या तळमजल्यावर,
दुसऱ्यांच्या लेकरांसाठी.

अश्वजितची नळी मी खिडकीशी नेली,
मग ट्यूबलाइटखाली,
मग मेश्रामबाईंना म्हटलं, तुम्ही बघा हो जरा,
माझा चष्मा घरी राहिला.
त्या बघून गप्प झाल्या.
चष्मा मी लावतच नाही.

आता नऊ वर्षांचा आहे तो.
थंडीत, तापात, कधी कशातच नाही,
रात्री दोनला उठून बसतो :
आई, पायाले आतून कोनी चावून रायलं.
मी पाय शेकते. पाणी पाजते.
सूक्ष्मदर्शकाखाली कोण चावतं ते मी पाहिलेलं आहे,
वाकडं, टोकदार, विळ्यासारखं.
कोणी त्याला चंद्रकोर म्हणालं
तर मला राग येतो.

रझिया, वॉर्डातली आया, म्हणाली,
ताजबागला पाच जुमेरात. पायी. अनवाणी.
बाबा कुणाला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत.
मी हसले.
मग तिच्या मागे जिन्यापर्यंत गेले
आणि विचारलं, किती वाजता?

आमच्या घरात गंडा नाही, दोरा नाही.
मी दहावीत असताना मावशीने उतरवून आणलेलं लिंबू
बाबांनी चिरून वरणात पिळलं होतं
आणि सगळ्यांना वाढलं होतं.
बावीस प्रतिज्ञा त्यांना पाठ नाहीत,
अंगात आहेत,
गिरणीच्या भोंग्यासारख्या, गिरणी बंद पडली तरी.
त्यांना मी सांगितलं, ड्यूटी वाढवलीय, गुरुवारची.

इमामवाड्यातून निघायचं अंधार पडल्यावर.
एप्रिलचा डांबर तेव्हाही तव्यासारखा.
चपला पिशवीत,
पिशवीत पाण्याची बाटली,
आणि पोटात लाज,
जी सक्करदऱ्यापर्यंत चालते
आणि त्यापुढे थकून मागे राहते.

पहिल्या गुरुवारी मला मागताच आलं नाही.
मागायचं कुणाला, हे आधी ठरलेलं लागतं.
शेजारी एक बाई
एक्स-रे पाकिटातून काढून जाळीसमोर धरून उभी,
बाबांना नीट दिसावा म्हणून
दोन्ही हातांनी ताणलेला.
लोभानाच्या धुरात
जाळीच्या रेघा दिसेनाशा झाल्या.
मी डोळे बारीक केले.
सवय.

असशील तर ऐक, म्हटलं.
नसशील तरी ऐक.
यापेक्षा बरी प्रार्थना मला जमली नाही.

चार गुरुवार झाले. महिनाभर दुखणं नाही.
याच महिन्यात डॉक्टरांनी नवी कॅप्सूल सुरू केली होती.
आमच्या रजिस्टरमध्ये
उपकार कुणाचे, असा रकाना नसतो.
रात्री मी कॅप्सूलचं पाकीट हातात घेऊन बसायची
आणि मला तीही नवसासारखीच वाटायची.

पाचव्या बुधवारी तो कळवळला.
गुरुवारी दुपारी सलाइन, ऑक्सिजन, तिसरा वॉर्ड.
रझियाच्या नजरेला नजर दिली नाही मी.
संध्याकाळी बाबा आले, थर्मासमध्ये पेज घेऊन.
स्टुलावर बसले. घड्याळ पाहिलं.
म्हणाले,
चार झाले ना तुह्ये? पाचवा काहून सोडून रायली?

मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

तुह्ये तळपाय पाह्यले मी, ते म्हणाले.
माह्या काही विश्वास नाही. तुहाही नसन.
पन इथं बसून तू त्याच्याकडं अशी पाह्यतं
का पोट्टं घाबरते.
जाय. चप्पल घालून जाय.
अन् पानी पेत जाय.

ते अश्वजितच्या ओठांना चमचा लावत होते,
मोजत,
गिरणीत धागे मोजायचे तसे.

मी निघाले.
सक्करदऱ्याच्या चौकात थांबून अर्धी बाटली प्यायले.
चपला काढल्या नाहीत.
नवस असा मोडतो की नाही,
रझियाला विचारायचं राहिलं.