पिवळे बाण

मालपिकाच्या धक्क्यावर जाळी विणणाऱ्या बायकांची शेड आहे,
पत्र्याची. आत डांबराचा आणि ओल्या नायलॉनचा वास.
तिथल्या जुन्या कॉम्प्युटरवर मी नवी प्रणाली घालून दिली
गेल्या वर्षी, फुकट,
आणि वर तासभर भाषण दिलं, तेही फुकटच.

डोसितेयाने सगळं ऐकून घेतलं.
मग विचारलं, "ही खिडकी खाली गेली,
ती गेली कुठे?"
म्हटलं, "कुठेच नाही. आहे, फक्त दिसत नाही."
"असं आमच्याकडे," ती म्हणाली,
"बुडालेल्यांबद्दल बोलतात."

मशीन तिला विचारायचं: खात्री आहे?
ती चष्मा काढून खरंच विचार करायची.
अडुसष्ट वर्षांत इतकं तोंडावर कुणी विचारलं नव्हतं,
लग्नातसुद्धा पाद्र्याने घाईत उरकलं होतं.
शेवटी ती "नाही" दाबायची.
पहिल्या महिन्यात एकही बिल छापलं गेलं नाही.

मग तिने स्वतःची सोय स्वतः केली.
पडद्याच्या चौकटीवर पिवळे कागद चिकटवले,
प्रत्येकावर एक बाण, खाली ठसठशीत अक्षरं:
इथून बिल.
इथून बोटींची यादी.
लाल फुलीपाशी: सबेला, हात लावू नकोस!
सबेलाने काय केलं होतं, मला कुणी सांगितलं नाही.
कचऱ्याच्या डब्याला बाणच नव्हता.
सुताचा वीतभर तुकडाही तिथे कुणी टाकत नाही.

फेब्रुवारीत गेलो तेव्हा वाऱ्यामुळे सगळ्या बोटी बांधलेल्या.
ती पडद्यासमोर हात मांडीवर ठेवून बसली होती,
समाचाराला गेल्यासारखी.
रात्री अपडेट आलं होतं.
खालची पट्टी वर गेली होती,
बिलाचं बटण काठावरून उठून
आत, तीन ठिपक्यांच्या मागे.
बाण मात्र जागच्या जागी,
नुसत्या निळ्याकडे बोट दाखवत.

"चुकलं माझं," ती म्हणाली,
"काल मी काहीतरी दाबलं असणार."

तीन ठिपक्यांची कल्पना माझी नव्हती.
पण मतं घेतली तेव्हा कोरुन्यातल्या माझ्या खोलीतून
मीही हो म्हटलं होतं.
स्वच्छ दिसतं, असं लिहिलंही होतं.

मी तिच्या बोटांकडे बघत राहिलो.
त्या बोटांना सुईकडे बघावं लागत नाही.
शेजारणीशी भांडण, रेडिओवरचं हवामान,
सगळं चालू असताना गाठ पडत जाते,
चाळीस वर्षांत अंगवळणी पडलेली.
रात्रीतून येऊन कुणी
तिच्या जाळ्याची घरं इकडची तिकडे केली असती
तर तो या शेडमधून
धड चालत बाहेर गेला नसता.

"तुम्ही काही दाबलं नाही," मी म्हटलं. "आम्ही हलवलं."
"का?"
उत्तर मला पाठ होतं.
पत्रा वाजत राहिला.
तिने थोडी वाट पाहिली, मग पाहिली नाही.

उठून नखाने एकेक बाण सोडवला,
गोंद अजून धरतोय का ते अंगठ्याने बघितलं
आणि माझ्या तळहातावर ठेवला.
"लाव मग. कुठे ते तुलाच ठाऊक."

मी चौकटीवर बोट फिरवत राहिलो,
वर, खाली, पुन्हा वर.
ठिपके पार मधे होते.
काठावरून कुठलाच बाण
तिथवर पोचत नव्हता.